‘हो बाय’ म्हणते आणि जात नाही

*ताई, बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं डोंबिवली सोडून शहापूर तालुक्यात, खर्डीच्या पुढे राहायला आलो. कुंपणामागे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी, तीसेक घरांची. तिथली एक तरुण बाई आमच्याकडे अंगण झाडायला, गवत काढायला येते. तिची धाकटी मुलगी दोन वर्षांची झाली तरी चालत नाही, धरून उभी राहते तेवढंच. केस भुरे, पोट पुढे आलेलं. मी दूध-बिस्किटं देते, नातवाचे कपडे देते. अंगणवाडीत ने, दवाखान्यात ने म्हणून कितीदा सांगितलं. ‘हो बाय’ म्हणते आणि जात नाही. अंगणवाडी मोठ्या गावात, वाडीपासून ओढा ओलांडून पाऊण तास चालत. सेविकेला विचारलं तर म्हणाली, ‘ते लोक येतच नाहीत. दिवाळी झाली की भट्टीवर जाणार. आम्ही कोणाकोणाच्या मागे धावायचं?’ यजमान म्हणतात, नसत्या उठाठेवी करू नकोस. माझ्या मैत्रिणी पैसे द्यायला तयार आहेत. आमच्या आउटहाउसमध्ये वाडीतल्या मुलांसाठी खाऊ आणि छोटं पाळणाघर सुरू करावं असं मनात आहे. करू का?*
*— नाव छापू नये*

नमस्कार,

पाळणाघराचं नंतर बोलू. आधी त्या मुलीचं बघू, कारण तिच्याकडे थांबायला वेळ नाही. तिच्या आईचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं आहे. ते बदलून मी तिला सुंदरा म्हणते.

दोन वर्षांचं मूल चालत नाही याला कुपोषण हे कारण असू शकतं, पण तेवढंच असेल असं नाही. ऐकू येण्यात दोष असेल, जन्माच्या वेळी काही झालं असेल, हाडांचं, रक्ताचं काही असेल. हे तुम्ही आणि मी अंगणात बसून ठरवू शकत नाही. मुलांच्या डॉक्टरनं तिला पाहायला हवं. आज मात्र तुम्ही एक गोष्ट बघू शकता. सुंदराला विचारून मुलीच्या दोन्ही पावलांवर वरच्या बाजूनं अंगठा हलकेच दाबून धरा आणि तीन अंक मोजून सोडा. दोन्ही पावलांवर खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे, आणि मग वाट बघायची नाही. ताप, सतत जुलाब, दूधही न घेणं, गळून पडणं, यातलं काही असेल तरी तेच. अशा वेळी 108 ला फोन करून थेट शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठायचं.

असं काही नसेल तर पुढची पायरी दंडाची पट्टी. सेविकेकडे आणि आशाताईकडे रंगीत पट्टी असते. मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरलं तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, ज्याला सगळे ‘सॅम’ म्हणतात. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा, मध्यम कुपोषित, ‘मॅम’. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. लाल निघालं तर डॉक्टरांची तपासणी आणि गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. तिथे साधारण चौदा दिवस आईसकट राहावं लागतं. उपचार आणि जेवण फुकट असतं, आईला बुडीत मजुरीही मिळते.

या चौदा दिवसांपाशीच बहुतेक गोष्टी अडतात. आपल्याला वाटतं, फुकट आहे, पैसे मिळताहेत, मग अडचण काय? अडचण अशी की घरात आणखी दोन लेकरं असतात, नवरा कामावर असतो, सासू डोळ्यांनी अधू असते, कोंबड्या असतात. बुडीत मजुरी हातात पडायला बँकेचं खातं लागतं आणि ते चालू स्थितीत असावं लागतं. सुंदरा तुम्हाला ‘हो बाय’ म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नाही. मोठ्या घरातल्या बाईला तोंडावर ‘नाही’ म्हणायची तिची सोय नाही, म्हणून ती ‘हो’ म्हणते.

ग्रामीण रुग्णालयात सकाळी एकदा नुसतं बसून बघा. केसपेपरची खिडकी सकाळी उघडते आणि दुपारी बंद होते. वाडीतून निघालेली बाई पोर कडेवर घेऊन चालत रस्त्याला येते, वडाप मिळेपर्यंत थांबते, पोहोचते तेव्हा रांग दारापर्यंत आलेली असते. खिडकीतला माणूस वर न बघता नाव विचारतो. नाव झालं, आडनाव? वय? मुलाची जन्मतारीख? ‘भात लावत होते तेव्हा झाली,’ असं ती सांगते. मागून कोणीतरी हसतं. खिडकीतला म्हणतो, कागद घेऊन ये. ती बाजूला होते, भिंतीला टेकून बसते आणि थोड्या वेळानं उठून निघून जाते. त्या दिवसाची मजुरी गेलेली असते, वडापचे पैसे गेलेले असतात, वर हसणं ऐकलेलं असतं. त्यानंतर ‘दवाखान्यात ने’ असं कोणी सांगितलं की ती काय म्हणणार? ‘हो बाय.’

म्हणून तुम्हाला स्पष्टच विचारते. सुंदरा तुमच्याकडे मजुरीवर आहे. एक दिवस ती मुलीला घेऊन शहापूरला गेली तर त्या दिवसाचे पैसे तुम्ही देता का? पत्रात दूध आहे, बिस्किटं आहेत, नातवाचे कपडे आहेत. मजुरीचा उल्लेख नाही. मैत्रिणींकडून वर्गणी काढण्याआधी हे एक करा. दवाखान्याचे, वजनाचे, लसीकरणाचे दिवस भरपगारी. तिला तसं स्वच्छ सांगा आणि पहिल्या वेळी पैसे आदल्या दिवशी हातात द्या. सरकारची बुडीत मजुरी येईल तेव्हा येईल, तुमची लगेच देता येते. यजमानांना ही उठाठेव वाटत असेल तर त्यांना विचारा, बँकेत तुम्ही दोघांनी वैद्यकीय रजा कधी घेतली नव्हती का?

आणि पहिल्यांदा तिच्यासोबत जा. गाडी असेल तर गाडीनं, पण तिला गाडीतून सोडून फाटकातून परत फिरू नका. खिडकीपाशी तिच्या बाजूला उभ्या राहा. बोलू द्या तिलाच, तुम्ही नुसत्या असा. खिडकीतला माणूस वर बघून बोलतो की नाही ते कळेल. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर ‘आई ह्या आहेत’ एवढं म्हणा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तुमच्याऐवजी वाडीतलीच कोणीतरी बाई सोबत जाईल असं बघा. वाडीत अशी एक बाई असतेच, जिला सगळ्या विचारतात. बहुधा बाळंतपणं केलेली म्हातारी, नाहीतर बचत गटात सही करणारी एखादी. तिला शोधा. तुमच्या शंभर सूचनांपेक्षा तिचं ‘चल गं’ जास्त चालेल.

आता सेविकेबद्दल. तिच्या बोलण्याचा तुम्हाला राग आलेला दिसतो, मलाही आला. पण तिला शत्रू करू नका. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या होत्या. त्यांच्या मागण्या वाचल्या असत्या तर कळलं असतं की ही बाई ‘मानधना’वर काम करते, नोकरदार म्हणून तिला कोणी धरत नाही, आणि पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी मोबाइल अॅपमध्ये, रोज माहिती भरली नाही तर बोलणी तिलाच बसतात. आता घरी न्यायचा आहार, तो ‘टीएचआर’, देताना आईचा चेहरा मोबाइलवर पडताळावा लागतो. वाडीत नेटवर्क नसतं. आई मजुरीला गेली आणि आजी पाकीट न्यायला आली तर सेविकेची पंचाईत. ‘ते लोक येतच नाहीत’ या वाक्यात हे सगळं दडलेलं आहे. शिवाय थोडा तुच्छपणाही आहे, तो नाही असं मी म्हणणार नाही.

तिच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. वाडी तिच्या सर्वेक्षणात आहे का? सहा वर्षांखालची किती मुलं तिच्या यादीत आहेत? गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया किती? मग वाडीतल्या त्या जाणत्या बाईला घेऊन घराघरांतली मुलं मोजा आणि दोन याद्या शेजारी ठेवा. पुष्कळदा सगळं कोडं इथेच सुटतं. जे मूल यादीत नाही त्याचा आहार येत नाही, आणि आहारच आला नाही तर सेविका कुठून देणार?

यादीत असण्याचे फायदे काय, हे वाडीला माहीत असेलच असं नाही. अन्न सुरक्षा कायदा 2013 पासून आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा आणि गरोदर, स्तनदा मातांचा अंगणवाडीतला आहार हा त्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे त्यापलीकडे अमृत आहार योजनाही लागू होते. गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचे काही महिने आईला एक वेळचं पूर्ण गरम जेवण, आणि सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं. तुमच्या बिस्किटांपेक्षा ते अंडं कितीतरी बरं. बिस्किटं बंदच करा. गोडानं पोट भरतं आणि मूल भाकरीला तोंड लावत नाही. द्यायचंच असेल तर उकडलेलं अंडं, शेंगदाणे कुटून केलेला लाडू, डाळभातावर चमचाभर तेल. लाल पट्टीतल्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जादा काही भरवू नका.

पण अंडं पाऊण तासावर आहे आणि मध्ये पावसाळ्यात ओढा आहे. खरी अडचण अंतराची. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणूजवळ बोर्डीला बालवाडी चालवू लागल्या तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता. दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. मुलांना अंगणात अंघोळ घालायची, नखं कापायची, काहीतरी खायला द्यायचं आणि तिथेच खेळ-गाणी. पुढे कोसबाडला गेल्यावर गुरं राखणाऱ्या मुलांमागे कुरणात शाळा नेली. सरकारची अंगणवाडी योजना आली ती बोर्डीच्या बालवाडीनंतर तीस वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला. म्हणजे शहापूरपासून फार लांब नसलेल्या गावात हे उत्तर सापडलेलं आहे. सेविकेनं किंवा मदतनीसताईनं ठरलेल्या वारी वाडीत यावं, वजन तिथेच व्हावं, टीएचआर तिथेच वाटावा, लसीकरणाचा दिवस महिन्यातून एकदा वाडीत धरावा. आशाताई आणि एएनएम सिस्टर याला सहसा नाही म्हणत नाहीत. बसायला सावली, वजनकाटा टांगायला आडवं लाकूड आणि फोनला रेंज मिळेल असा कोपरा हवा. तुमचं आउटहाउस ओढ्याच्या कोणत्या बाजूला आहे? वाडीला ते जवळ असेल तर त्या दिवसापुरतं ते सेविकेला उघडून द्या. अमलबजावणी तिची, जागा तुमची. तुमच्या पाळणाघराचं मला एवढंच रूप पटतं.

स्वतंत्र खाऊ-केंद्राला मात्र माझा विरोध आहे. वर्गणी पहिल्या वर्षी येते, दुसऱ्या वर्षी निम्मी होते. मधल्या काळात सेविका म्हणणार, बंगल्यावर खायला मिळतंय, मग आम्ही कशाला? तुमचे गुडघे दुखायला लागले, मुलानं ठाण्याला बोलावून घेतलं की वाडीत ना बंगला उरणार ना अंगणवाडी. आणखी एक, मैत्रिणींच्या ग्रुपवर मुलांचे फोटो टाकू नका. भुऱ्या केसांच्या, उघड्या अंगाच्या पोरांचे फोटो बघून पैसे येतात हे खरं आहे. पण सुंदराच्या मुलीचा तसा फोटो डोंबिवलीच्या चाळीस मोबाइलांत फिरावा असं काही कारण नाही.

कायमच्या सोयीसाठी वाट जरा लांबची आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2006 मध्ये सांगितलं की ज्या ग्रामीण वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत ती द्यावी लागेल. तीस घरांत चाळीस मुलं बहुधा भरणार नाहीत. पण शेजारी दुसरी वाडी, ठाकूर पाडा असेल तर दोन्हींची मिळून मोजणी करून बघा. दुसरी बाजू अशी की कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. या जमातींसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रानं पीएम-जनमन अभियान काढलं. घरं, रस्ते, पाणी, फिरता दवाखाना यांच्यासोबत अंगणवाड्याही त्यात आहेत. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. तिथे आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, दोन्हीकडे अर्ज द्यायचा आणि पोचेची सही-शिक्का घ्यायचा.

तो अर्ज तुमच्या नावानं मात्र नको. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा करता येते. तशी नसेल तर ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत वाडीच्या बायांनी उभं राहून विषय मांडायचा आणि ठराव लिहून घ्यायचा. पेसा गावांना थेट मिळणारा पाच टक्के निधीही असतो. तो कशावर खर्च होतो हे तिथेच विचारता येतं. तुम्ही बँकेत होतात, अर्जाचा मसुदा, तारखा, पोच सांभाळणं हे तुमचं हातखंडा काम. ते करा, सह्या-अंगठे वाडीचे असू देत. श्रमजीवी संघटनेचं काम ठाणे-पालघरच्या कातकरी वाड्यांवर 1982 पासून आहे. वाडीतलं कोणी तिथे जात असेल तर त्यांना आधी विचारा, तुम्ही नव्यानं सुरू करायच्या गोष्टी तिथे जुन्या झालेल्या असतील.

हे सगळं दिवाळीच्या आत करायचं आहे. सेविकेच्या रागाचं कारण तेच आहे. दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबं जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. बयाणा गणपतीच्या सुमारालाच घेतलेला असतो, त्यामुळे ‘जाऊ नका’ या सांगण्याला अर्थ नाही. जाताना मुलांच्या नोंदी सोबत जातील एवढं बघायचं. राज्य सरकारनं स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांसाठी एमटीएस नावाची नोंद ठेवली आहे, पोषण ट्रॅकरमध्येही लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे वर्ग करता येतो. त्यासाठी सेविकेला निघण्याआधी कळायला हवं, आणि भट्टी कोणत्या गावात आहे तेही. माता-बाल संरक्षण कार्ड, ते लसींचं पुस्तक, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईजवळ द्या. भट्टीजवळच्या अंगणवाडीत आणि उपकेंद्रात ते दाखवायचं. ‘तुम्ही इथले नाही’ असं म्हणून परत पाठवायचा त्यांना अधिकार नाही. रेशनही आता दुसऱ्या तालुक्यातल्या दुकानातून उचलता येतं. कातकरी कुटुंब अंत्योदयमध्ये बसतं, महिन्याला 35 किलो धान्य. कार्ड पिवळं आहे का आणि मुलांची नावं चढली आहेत का, ते आत्ताच बघून घ्या.

भट्टीवरून कोणाला सुटू देत नाहीत, बयाणा फिटला नाही म्हणून आजारी मुलाला दवाखान्यात नेऊ देत नाहीत, असं कानावर आलं तर ती वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्यानं ती गुन्हा आहे आणि सोडवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. तिथे एकट्यानं मालकाशी भांडायला जाऊ नका.

जन्मदाखल्याचं राहिलं. सुंदराच्या मुलीचा जन्म घरी झाला असेल तर नोंद झालीच नसण्याची शक्यता मोठी आहे. 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत सांगितलं की काम फुकटात होतं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तरीही होतं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पुढे सगळीकडे हाच दाखला मुख्य पुरावा म्हणून लागणार आहे. दाखला नाही म्हणून आज अंगणवाडीचा आहार किंवा दवाखान्यातला उपचार मात्र थांबत नाही. कोणी थांबवला तर लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेकांना नियम आठवतात.

कपड्यांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. नातवाचे कपडे द्या, काही बिघडत नाही. धुऊन, बटणं लावून द्या, आणि वाडीसमोर वाटू नका.

पावलं बघितलीत की लगेच कळवा. खळगा पडला असेल तर मला लिहीत बसू नका, आधी 108.